‘कमी माझ्यात आहे’ : बेळगाव तालुक्यातल्या एका घरातील वंध्यत्व-उपचारांचं प्रकरण

या प्रकरणाविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांसोबत मी समुपदेशनाचं काम करते. त्यांतल्या एका घराची ही हकीकत. लिहून झाल्यावर नवरा-बायको दोघांनाही वाचून दाखवली आणि ओळख पटेल असे तपशील बदलले. नावं घालायची नाहीत, म्हणून घरातली नातीच वापरते : धाकटी, म्हणजे उपचार घेणारी सून, धाकटा, तिचा नवरा, थोरली, तिची जाऊ, थोरला दीर, आणि सासूबाई, ज्यांना दोन्ही सुना आत्ती म्हणतात.

या घरात कोणी दुष्ट नव्हतं. पुढे मिळालेले डॉक्टर समजूतदार होते, पैशांचीही कशीबशी सोय झाली. तरीसुद्धा पहिली काही वर्षं धाकटी पूर्ण एकटी पडली होती. सगळे तिच्याशी बरे वागत असताना ती एकटी कशी पडली, आणि ते कसं बदललं, यासाठी हे प्रकरण मांडते आहे.

पार्श्वभूमी

गाव शहराच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीपासून फार लांब नाही. घरात मराठी, कामाच्या ठिकाणी कन्नड आणि हिंदी. थोरला शेती बघतो : भात, बटाटा, रताळी. धाकटा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, भट्टीवर काम करायचा. धाकटी मराठी माध्यमातून बारावी झालेली, घरी ब्लाउज शिवते. थोरलीला दोन मुलं आहेत. सासरे नाहीत. आत्तींना मधुमेह आहे आणि रोजचं इन्सुलिन थोरली देते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

लग्न 2019 साली झालं. ती 26 वर्षांची, तो 31 चा. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करून घ्यावी, आणि बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, असं डॉक्टर सांगतात. त्या हिशेबाने ही दोघं वेळेवरच डॉक्टरकडे गेली. पण ‘दोघं गेली’ हे नावापुरतं. तो दवाखान्याबाहेर मोटारसायकलवर बसून राहायचा आणि आत तपासणी तिची व्हायची. थायरॉईड, रक्ताच्या इतर तपासण्या, महिन्या-महिन्याला बीज वाढतंय का ते बघणारी फॉलिक्युलर सोनोग्राफी, बीज तयार होण्याच्या गोळ्या, शेवटी गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघणारी एचएसजी. ही एक्स-रेची तपासणी बऱ्याच बायकांना चांगलीच दुखते. सगळं नॉर्मल आलं. यात दीड वर्ष गेलं आणि तेवढ्या काळात नवऱ्याची वीर्यतपासणी करा असं त्या पहिल्या दवाखान्यात कोणी म्हटलं नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीने. पुरुषाची पहिली तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, दुखत नाही. तरी आपल्याकडे ती शेवटी होते.

2022 मध्ये ती दोघं बेळगावातल्या दुसऱ्या रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवलं. त्याचा रिपोर्ट आला : दर मिलिलिटरमागे 60 लाख शुक्राणू, आणि सरळ पुढे जाणारे 14 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अनुक्रमे 1 कोटी 60 लाख आणि 30 टक्के आहे. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं. आकडे तसेच.

हार्मोन बरोबर होते. डॉक्टरांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, भट्टीची धग. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थोडं कमी तापमान लागतं, म्हणूनच वृषण शरीराबाहेर असतात. वर्षानुवर्षं धगीसमोर उभं राहिल्याने फरक पडू शकतो. दुसरी, तंबाखू.

अडचण

रिपोर्ट घेऊन परतताना बसमध्ये तो एवढंच बोलला : “घरात सांगू नको. तुझीच ट्रीटमेंट चाललीया म्हण.” तिने मान हलवली.

हे तिने दडपणाखाली केलं असा माझा आधी समज झाला होता. तिने सांगितलं ते वेगळं होतं : “त्यांचं तोंड बघवंना झालंतं. माझ्यावर घेतलं तर निदान ते तरी सावरतील असं वाटलं.” हे तिने मायेने केलं होतं, आणि म्हणूनच ते पुढे सोडवणं जड गेलं. जुलूम असता तर तिला त्याच्याविरुद्ध बोलता तरी आलं असतं.

पुढचे महिने घर तिच्या ‘कमी’भोवती फिरत राहिलं. आत्ती तिला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेल्या, नवस बोलल्या, परडी भरली. आत्तींच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्या वाटेवर त्यांनी सुनेचा हात सोडला नव्हता. पण धाकटीने देवीसमोर जो दोष पदरात घेऊन डोकं टेकलं तो तिचा नव्हता, आणि हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. गावात कोणी झाडपाल्याचं औषध दिलं, कोणी पोटाला शेक सांगितला. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, “काय गं, अजून कायच न्हाई?” संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला जाणं तिने बंद केलं. मग एका चुलत सासूबाईंनी थोरल्याजवळ शब्द टाकला, की धाकट्याचं दुसरं बघायला काय हरकत आहे.

तो या काळात जास्तीच्या पाळ्या करू लागला. घरी उशिरा यायचा. तंबाखू वाढली. तिच्याशी कमी बोलायचा. तिला वाटायचं, याला माझा राग आहे. त्याला वाटत होतं ते त्याने फार पुढे सांगितलं : तिच्याकडे बघितलं की आपला खोटेपणा दिसतो.

2023 च्या सुरुवातीला धाकटी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एकटी. तिचं एक वाक्य मी तसंच लिहून ठेवलं आहे : “घरात सगळी माझी काळजी करत्यात, पण नसलेल्या गोष्टीची करत्यात.”

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय बाजूला रस्ते बरेच होते. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे भट्टीपासून लांब जाऊन, तंबाखू सोडून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं हा एक. आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडणं, खर्चाला हलकं. पण काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, एवढा कमी असताना त्यातून यश येण्याची शक्यता फार थोडी. आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं, आणि त्यात इक्सी, ज्यात एकेक शुक्राणू निवडून थेट बीजात सोडतात. नोंदणीकृत बँकेतून दात्याचे शुक्राणू. त्याला दोघांची लेखी संमती लागते आणि होणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच असतं. दत्तक, ज्याची नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते आणि ज्यासाठी लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. आणि काहीच न करणं. हा शेवटचा पर्याय दवाखान्यात सहसा कोणी उच्चारत नाही; मी मुद्दाम उच्चारते, कारण थांबायची मुभा आहे हे कळलं की माणूस उरलेल्या पर्यायांकडे मोकळ्या मनाने बघतो.

दात्याचं नाव निघताच तो उठून बाहेर गेला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही रेटला नाही.

घरच्या बाजूला रस्ते तीनच होते : आहे तसं चालू ठेवणं, सगळ्यांना सांगणं, किंवा एकाच माणसाला सांगणं.

पहिला निर्णय : कोणाला सांगायचं, आणि कोणी

मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला. रात्री अचानक हिला दवाखान्यात न्यावं लागलं तर पहिली हाक कोणाला माराल? दोघांचं उत्तर एक आलं : थोरलीला.

म्हणून थोरलीला सांगायचं ठरलं. पण सांगणार कोण, यावर आठवडे गेले. “अक्का माझी हाय, मी सांगते,” असं धाकटी म्हणत होती. माझं मत होतं की त्याने सांगावं. तिने सांगितलं असतं तर ते तिच्या बचावासारखं ऐकू आलं असतं, आणि जे ओझं त्याने तिच्यावर ठेवलं होतं ते उतरवण्याचं कामही तिच्याच वाट्याला आलं असतं. शिवाय नवऱ्याची गोष्ट तिने परस्पर फोडली असा सल दोघांमध्ये राहिला असता. हे मी त्याला सांगितलं. तो हो किंवा नाही काहीच बोलला नाही.

एका रविवारी घरात चुलत सासूबाईंनी पुन्हा दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. या वेळी धाकटा घरात होता. थोरलीला एकटीला सांगायचं ठरलेलं बाजूला राहिलं आणि सगळ्यांसमोर तो म्हणाला, “कमी हिच्यात न्हाई. माझ्यात हाय. डॉक्टरनी दोनदा तपासलंय.”

चुलत सासूबाई चहा न घेता उठल्या. आत्ती बराच वेळ गप्प होत्या. मग मुलाला म्हणाल्या, “मग ह्या पोरीला एवढी का फिरवलास रे?”

त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्तींनी धाकटीला जवळ बसवून केसांना तेल लावलं. माफी वगैरे शब्द कोणी वापरला नाही, तिलाही तो ऐकायचा नव्हता. थोरलीने तिला विचारलं ते फार व्यवहाराचं होतं : “आता ह्यात मला काय काम हाय ते सांग.”

असं सगळ्यांसमोर सांगून टाकणं प्रत्येक घरात चालेल असं मी म्हणणार नाही. काही घरांत अशा वेळी भावकी जमते आणि नवऱ्याच्या पुरुषपणावर येते. इथे थोरल्याने त्याच दिवशी सांगून टाकलं की ही गोष्ट उंबऱ्याच्या आतली, बाहेर कोणी काढायची नाही. त्यामुळे ते झाकलं गेलं. बाहेरच्यांसाठी एक वाक्य ठरवलं, आत्तींपासून मुलांपर्यंत सगळ्यांसाठी तेच : “दोघांची ट्रीटमेंट चालू हाय.” विचारणारा पुढे खोदू लागला तर तेच वाक्य पुन्हा.

दुसरा निर्णय : तीन महिने थांबायचं

डॉक्टर लगेच इक्सी करायला तयार होते. वय तिच्या बाजूने होतं, म्हणून तीन महिने थांबण्यात तोटा नव्हता. ती 38 ची असती तर मी हा सल्ला दिला नसता. धाकट्याने मालकाशी बोलून भट्टीवरून मशीन शॉपमध्ये बदली मागितली. भत्ता कमी झाला. तंबाखू पूर्ण सुटली नाही, पण बरीच कमी झाली. तीन महिन्यांनी काउंट 90 लाखांवर आला. इक्सी टळेल एवढा तो फरक नव्हता. तरी या तीन महिन्यांनी एक गोष्ट केली : उपचार पहिल्यांदाच त्याच्याही अंगाला लागले. त्याला काहीतरी सोसावं, सोडावं लागलं, आणि ते तिने पाहिलं.

तिसरा निर्णय : पैसे आणि शेवटची रेघ

आयुष्मान योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. औषधांसह एका सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका पूर्ण फेरीचा, अंदाज एक लाख ऐंशी हजारांचा दिला होता. धाकटी पाटल्या काढून द्यायला तयार होती, थोरला जमिनीवर कर्ज काढू म्हणाला.

इथे मी थोडी आडवी आले. उपचार सुरू होण्याआधी, मन शांत असताना, किती वेळा आणि किती रुपयांपर्यंत जायचं हे ठरवून कागदावर लिहा, असा आग्रह धरला. एक सायकल फसली की माणूस विचार करण्याच्या अवस्थेत नसतो, आणि “आता एकदाच” ही ओढ फार जबरदस्त असते. त्यांनी ठरवलं ते असं : बीजं काढण्याची प्रक्रिया एकदाच, त्यातून जेवढे भ्रूण मिळतील तेवढ्यांचा प्रयत्न, जमीन मध्ये आणायची नाही. रताळ्याचे आलेले पैसे, धाकटीची भिशी आणि पाटल्यांवर वर्षात फिटेल एवढं सोनेतारण, यात ते बसवलं. वहीच्या त्या पानावर दोघांनी सह्या केल्या. थोरल्याला ही मर्यादा पटली नव्हती, पण त्याने मानली.

जाण्यायेण्याचा खर्च एका सरकारी योजनेमुळे हलका झाला. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्य परिवहनच्या साध्या बसने फुकट जाता येतं. दिवसाआड सोनोग्राफी असलेल्या काळात धाकटी आणि थोरली आधारकार्ड दाखवून झिरो तिकिटावर सीबीटीपर्यंत, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, यायच्या. कोल्हापूरला किंवा पुण्याला उपचार घ्यावेत असं माहेरच्यांचं म्हणणं होतं. तिथे बोलणं मराठीत झालं असतं हे खरं. पण बारा-पंधरा दिवस वारंवार जावं लागणाऱ्या उपचारात कोल्हापूरचा दोन-तीन तासांचा, पुण्याचा त्याहून बराच लांबचा प्रवास आणि मुक्काम परवडणारा नव्हता. ते बेळगावातच राहिले, हे योग्य झालं.

चौथा निर्णय : न समजलेल्या कागदावर सही

संमतीपत्र इंग्रजीत होतं, सोबत कन्नड प्रत. तो कन्नड बोलतो, वाचतो अडखळत. तिला दोन्ही अवघड. काउंटरवर सांगितलं गेलं, “इथं इथं सही करा.”

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा सांगतो की जोडप्याला उपचाराचे परिणाम, धोके आणि यशाची शक्यता समजावून सांगायला हवी आणि मगच लेखी संमती घ्यायला हवी. याच कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि वयाची मर्यादा घातली : बाई 21 ते 50, पुरुष 21 ते 55. केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागणं आणि कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागणं यात काही गैर नाही. त्यांनी वेळ मागितला आणि तो मिळालाही. थोरलीच्या माहेरच्या एका शिक्षिकेने कन्नड प्रत ओळीओळीने मराठीत सांगितली.

त्या कागदात एक कलम होतं : गोठवलेले भ्रूण उरले आणि तुमच्यापैकी एकाचा मृत्यू झाला किंवा तुम्ही विभक्त झालात, तर त्यांचं काय करायचं? काउंटरवर घाईत या कलमावर खूण झाली असती आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. घरी त्यावर दोघं दोन रात्री बोलली. लग्नानंतर इतकं सरळ आम्ही कशावरच बोललो नव्हतो, असं तिने सांगितलं. दात्याच्या शुक्राणूंचा विषय त्याने स्वतःहून काढला तोही याच बोलण्यात : आत्ता नको, पण कधीच नको असंही म्हणत नाही.

उपचाराचे दिवस

बीजं वाढवण्याची इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली घ्यायची असतात. रोज दवाखान्यात जायचं की घरी घ्यायची, हा प्रश्न थोरलीने निकालात काढला. आत्तींना इन्सुलिन देण्याचा हात बसलेला होताच, नर्सकडून एकदा नीट बघून घेतलं आणि पुढची सगळी तिने दिली. औषधं फ्रिजच्या दारात ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही. वीज गेली तर दार उघडायचं नाही. शहरातून आणताना बर्फाच्या पिशवीत, पण बर्फाला थेट न टेकवता. आत्तींनी फ्रिजवर मुलांना हात लावायची बंदी घातली.

ट्रिगरचं, म्हणजे बीजं शेवटी पक्व करणारं, इंजेक्शन ही वेळेची गोष्ट. ते दिल्यापासून साधारण 34 ते 36 तासांनी बीजं काढतात. वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते. ही जबाबदारी धाकट्याने घेतली. रात्री सव्वादहाची वेळ होती, त्याने पाळी बदलून घेतली आणि इंजेक्शनही थोरलीच्या देखरेखीखाली स्वतः दिलं. हात थरथरत होता, पण दिलं.

नऊ बीजं मिळाली, सात पक्व होती, पाच फलित झाली, पाचव्या दिवशी तीन भ्रूण हातात राहिले. एक गर्भाशयात सोडला, दोन गोठवले.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत सल्ल्यांचा पूर आला. पडून राहा, जिना चढू नको, पपई नको. लोळून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. साधी हालचाल, हलकं काम चालतं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, पण आत्तींचा जीव मानत नव्हता. शेवटी असं ठरलं, की पाण्याच्या घागरी आणि गोठा थोरलीकडे, शिवणयंत्र धाकटीकडे. यंत्र चालू होतं म्हणून ते दिवस निघाले, असं धाकटी म्हणते.

दिवस गेले की नाही ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, बीटा एचसीजीचा, रिपोर्ट दुपारी मोबाईलवर आला. ती घरी एकटी होती आणि समोर ब्लाउजचं माप द्यायला एक बाई बसलेली. निगेटिव्ह होता. तिने माप पूर्ण घेतलं, बाईला पोचवलं आणि मग दार लावलं. तो कारखान्यातून आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

नणंदेचं डोहाळजेवण

त्यानंतर आठवडाभरात बेळगावच्या शहापुरात नणंदेचं डोहाळजेवण होतं. बाहेरून बघणाऱ्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण या सगळ्या प्रवासात धाकटीने सर्वांत जास्त वेळ माझ्याशी याच विषयावर बोलून काढला. वहिनी म्हणून ओटी भरायला जायला हवं. गेलं आणि एखाद्या म्हातारीने “तू नको, थोरलीला भरू दे” म्हणून हात अडवला तर? नाही गेलं तर पोटात दुखलं म्हणणार.

जायचं, न जायचं, किंवा सकाळी लवकर जाऊन भेटून परतायचं, असे तीन मार्ग होते. मी कोणताच सुचवला नाही. तिला एवढंच विचारलं, की परत आल्यावर रात्री तुला कसं वाटेल ते तिन्ही बाबतींत मला सांग. तिने न जाण्याचं ठरवलं.

आधीच्या रात्री धाकट्याने बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं : उपचार, निगेटिव्ह रिपोर्ट, आणि कारण आपल्याकडचं आहे हेही. हा फोन त्याने केला म्हणून न जाणं हे तोंड फिरवणं ठरलं नाही. नणंद रडली, थोडी दुखावलीही. तिच्या कार्यक्रमाला घरचं माणूस कमी पडलं ही तिची खंत खोटी नव्हती. थोरलीने दोघींच्या वतीने ओटी भरली. पुढे बारशाला धाकटी आपणहून गेली.

दुसरा प्रयत्न आणि त्यानंतर

2024 च्या सुरुवातीला गोठवलेल्यांपैकी एक भ्रूण सोडला. या वेळी ठरवून रिपोर्ट दोघांनी एकत्र उघडला, तो घरी आल्यावर. पॉझिटिव्ह होता. आत्तींनी देवाजवळ दिवा लावला आणि बाहेर कोणाला सांगितलं नाही.

सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले नाहीत. काही दिवसांनी पुन्हा बघितलं, तेव्हाही नाही. गोळ्या देऊन गर्भपात करावा लागला.

धाकटीभोवती या वेळी माणसं होती. माहेरहून आई आली, थोरली रात्री तिच्या खोलीत झोपली, नणंद बाळ घरी ठेवून येऊन बसून गेली. ती भरपूर रडली आणि तिला कोणी “रडू नको” म्हटलं नाही. तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला. रजेचं कारण ‘ताप’ लिहिलं होतं. थोरला त्याला संध्याकाळी शेतावर घेऊन जायचा, पण दोघे भाऊ पिकाशिवाय दुसरं बोलले नाहीत. दीडेक महिन्याने तो माझ्याकडे आला, पहिल्यांदाच एकटा. तंबाखू पुन्हा पहिल्याइतकी झाली होती. “सगळी हिला इचारत्यात. ते बरोबरच हाय. मला कोण इचारलं न्हाई, आणि इचारलं असतं तर मी सांगितलंच असतं असं बी न्हाई.” मूल गेलं ते आपल्या ‘खराब काउंट’मुळेच, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांमागे बहुतेकदा त्या एका भ्रूणातल्या गुणसूत्रांचा दोष असतो, आणि तो कोणाच्याही बाबतीत घडू शकतो. हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तो त्या वेळी औषधांच्या दुकानात रांगेत होता.

निष्पत्ती

हे लिहिताना त्यांना मूल नाही. एक भ्रूण गोठवलेला आहे. कायद्याने तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, दरवर्षी शुल्क भरावं लागतं आणि ते भरलं जातं. सोनेतारण फिटलं, पाटल्या घरी आल्या. दुसऱ्यांदा बीजं काढायची नाहीत हे वहीतलं ठरलेलं त्यांनी पाळलं. थोरल्याने पुन्हा जमिनीचा विषय काढला तेव्हा धाकटीनेच नको म्हटलं. उरलेल्या भ्रूणाचा प्रयत्न कधी करायचा, हे धाकटी ठरवणार असं दोघांत ठरलं आहे. दत्तकाची माहिती दोघांनी घेतली, नोंदणी केलेली नाही.

दुसऱ्या लग्नाचा शब्द त्या रविवारनंतर घरात निघालेला नाही. धाकटी हळदी-कुंकवाला जाते, पण सगळ्यांकडे नाही. शेजारच्या गावातली एक सून इंजेक्शन कसं घ्यायचं ते शिकायला थोरलीकडे येऊन गेली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा फरक एका तपासणीने पडला असता. पहिल्या महिन्यात दोघांची तपासणी एकत्र झाली असती तर धाकटीचं दीड वर्ष, ती दुखणारी एचएसजी, बिनकामाच्या गोळ्या, सगळंच बदललं असतं. आणि ‘कमी तिच्यात’ हे घराने गृहीत धरण्याआधी खरं कारण समोर आलं असतं. आज कोणी नवविवाहित जोडपं विचारतं तेव्हा मी म्हणते, पहिल्या भेटीला नवरा आत आला नाही तर ती भेट झालीच नाही असं समजा.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी दोघांना कोणीतरी अर्धा तास बाजूला बसवायला हवं होतं. हातात कागद देऊन, “पुढच्या महिन्यात या” म्हणून सोडल्यावर बसमध्ये जे ठरलं ते त्या धक्क्यात ठरलं. तो वाईट माणूस होता म्हणून तसं बोलला, असं मला कधी वाटलं नाही. कायद्यात समुपदेशनाची तरतूद आहे. ते संमतीपत्राच्या आधी होतं तेही कुठे कुठेच. रिपोर्टच्या दिवशी ते सर्वांत जास्त लागतं.

संमतीपत्राची मराठी प्रत या जिल्ह्यातल्या केंद्रांनी ठेवावी. निपाणीपासून खानापूरपर्यंत हजारो घरांत मराठी वाचली जाते, आणि अशा कागदावर अंदाजाने सही होणं रुग्णालयाच्याही हिताचं नाही. सगळ्यांना शिक्षिका ओळखीची नसते.

गर्भपातानंतर रुग्णालयातून पुढच्या ट्रान्सफरची, म्हणजे भ्रूण सोडण्याची, तारीख विचारणारा फोन महिन्याच्या आतच आला. चौकशी आपुलकीने केलेली होती, तरी तो लवकर आला होता. अशा वेळी पहिला फोन तारखेसाठी नसावा.

आणि धाकट्याचं दुःख. त्याने घरात सत्य सांगितलं तेव्हा त्याचं काम झालं असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर घराची सगळी माया तिच्याकडे वळली, आणि ती वळायलाच हवी होती. पण तो त्यातून सुटून गेला. आता गर्भपात झालेल्या जोडप्याच्या पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला स्वतंत्र फोन करते, संध्याकाळी, तो कामावरून सुटल्यावर. कसे आहात असं विचारलं की “बरं हाय” एवढंच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही स्वतः ऐकलं का? बहुतेकदा ऐकलेलं नसतं. मग ते मी त्यांना पुन्हा सांगते, सावकाश.